वाट बघणारी नाचणी

श्रावणात सलग दहा-बारा दिवस ऊन पडलं की आमच्या दापोलीत सगळे खुशीत असतात. कपडे वाळतात, भिंतींची ओल उतरते, गाद्या अंगणात येतात. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणतात, "काय सुरेख उघडीप पडलीय!" मी "हो, पडलीय खरी" म्हणतो आणि आत येतो. मला त्या दिवसांत जेवण जात नाही. दुपारी दोन-तीनदा उठून अंगणात जातो, पश्चिमेकडे बघतो, पुन्हा आत येऊन पडतो. बायकोनं कारण विचारणं कधीच सोडलंय. "ह्यांचा मंडणगड सुरू झाला," एवढंच ती सुनेला सांगते आणि माझ्या ताटात भात कमी वाढते.

कोकणात पावसानं दगा दिला असं सांगितलं तर घाटावरची माणसं हसतात. त्यांचं बरोबर आहे. चार महिन्यांत आमच्याकडे इतका कोसळतो की अंगणात शेवाळ चढतं आणि चपलांना बुरशी येते. पण हे झालं खालच्या खाचरांचं. डोंगराच्या अंगावर जी वरकस जमीन असते, जिथे नाचणी आणि वरी पिकते, तिथे हातभर माती आणि खाली सरळ कातळ. आलेलं पाणी तिथे थांबतच नाही, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं आणि संध्याकाळपर्यंत खाडीत. आठ दिवस ऊन पडलं की ती माती हाताला गरम लागते. पंधरा दिवस पडलं की बायका एकमेकींशी बोलायच्या थांबतात. हे मी ऐंशीच्या दशकात एका पावसाळ्यात पाहिलं, आणि नुसतं पाहिलं असतं तर आज मला जेवण गेलं असतं.

मी रत्नागिरीच्या बंदराकडचा. वडील बोटीवर, आणि घरातली शेती म्हणजे परसातलं अळू. दापोलीला शेतकी शिकलो आणि पहिली नेमणूक मंडणगडच्या वरच्या वाड्यांमध्ये झाली. डोक्यात वह्यांमधलं सगळं ताजं होतं, आणि पंचवीस वर्षांच्या माणसाला आपल्याला सगळं कळतं असं जेवढं वाटतं तेवढं पुढे कधी वाटत नाही. त्याच्या आधीची दोन वर्षं पाऊस लवकर आटपला होता. वाड्यांमधली जुनी नाचणी गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी. दाणा भरायच्या वेळेला माती सुकलेली, त्यामुळे कणसं पोचट राहिली. उपाय उघड होता. लवकर तयार होणारं हळवं बी द्यायचं, पाऊस जायच्या आत पीक घरात. मला अजूनही वाटतं की विचार चुकीचा नव्हता. मी तो ज्या पद्धतीनं अमलात आणला, ती चूक होती.

वरच्या वाडीत बारा-तेरा घरं. पुरुष बहुतेक मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला येणारे, आले की वाडी भरलेली दिसायची आणि गेले की परत बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. शेती बायकांच्याच हातात. त्यांच्यात दुरपाकाकीचा शब्द चालायचा. तिचा नवरा गोदीत कामाला होता. एकुलती मुलगी शेवंता लग्न होऊन दोन डोंगरांपलीकडच्या गावात गेलेली. काकी बोलायला फटकळ, हाताला खरबरीत, आणि माझ्यावर पहिल्या दिवसापासून तिचा जीव. मी बंदराकडचा म्हणून मला चिडवायची. "सायेब, तुमाला म्हावऱ्यातलं कळतं. नाचणी कळायला अजून दोन पावसाळे जाऊ देत."

मी कुठला थांबायला.

काकीच्या चुलीवरच्या वाशाला नाचणीची निवडलेली कणसं टांगलेली असायची. वर्षभर धूर खाऊन काळपट झालेली. तेच पुढच्या वर्षीचं बी. धुरामुळे कीड लागत नाही, हे मला वहीतूनही माहीत होतं. वैशाखात नव्या बियाच्या पिशव्या घेऊन मी वाडीत गेलो आणि सगळ्या बायकांना काकीच्या पडवीत जमवून सांगितलं, की जुनं बी आता ठेवू नका. दोन्ही घरात राहिली की मिसळ होते, मग पुढच्या वर्षी कुठलं कोणतं ते कळत नाही. जुनं दळून खाऊन टाका.

"माजं बी माज्या सासूच्या सासूपासनं हाय," काकी म्हणाली.

"म्हणूनच तर बदलायचं, काकी."

"सगळंच? मूठभर पन ठेवू नको?"

"मूठभर पण नको," मी म्हणालो.

 काकी उठली, वाशावरची कणसं काढली, आणि तीन दिवसांनी मी परत गेलो तेव्हा मला पानावर बसवलं. गरम भाकरी, कुळथाची पिठी, वर तेलाची धार. भाकरीला धुराचा वास होता. इतकी गोड भाकरी मी त्याआधी खाल्ली नव्हती. "कशाची?" म्हणून विचारायची गरजही नव्हती. दोन खाल्ल्या. काकी समोर बसून म्हणाली, "खा पोटभर. तुजाच शब्द हाय." तेव्हा पहिल्यांदा ती मला अरेतुरे बोलली आणि मला त्याचंच कौतुक वाटलं. बाकीच्या घरांतही त्या आठवड्यात तेच झालं. शेजारच्या वाड्यांमध्येही, कारण मी मेहनती होतो आणि एकही वाडी सोडली नाही.

मृगावर दाढी पेरल्या. दाढ म्हणजे रोपं वाढवायची जागा, पालापाचोळा आणि शेण जाळून भाजलेली. त्या भाजलेल्या मातीचा वास पहिल्या सरींनी उठतो तो मला अजून आठवतो. रोपं छान हिरवीगार उठली. आणि आषाढात, अगदी लावणीच्या तोंडावर, पाऊस गेला.

 पहिले चार दिवस बायका सवयीनं डोक्यावर इरलं घेऊन डोंगरावर जायच्या आणि कोरडं इरलं घेऊन परत यायच्या. आठव्या दिवशी इरली पडवीत खुंटीला लागली. आभाळ धुतल्यासारखं निळं. बेडूक गप्प. टाकळ्याची पानं दुपारी मिटायची ती संध्याकाळीही उघडेनात. वाटेवरच्या चिखलात गुरांच्या पावलांचे ठसे तसेच्या तसे वाळून टणक झाले आणि चालताना पायाला बोचायला लागले. मी तालुक्याला जाऊन वरिष्ठांना विचारलं. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "रोपं जगव. पाऊस येईलच."

म्हणून आम्ही रोपं जगवली. पऱ्याच्या एका डोहात अजून पाणी होतं. तिथून वर दाढीपर्यंत उभी चढण. सकाळ-संध्याकाळ बायकांची रांग, डोक्यावर हंडे, आणि रांगेत मीही, खांद्यावर हंडा घेऊन, कारण डोक्यावर मला जमेना. बायका हसायच्या. त्या दिवसांत तेवढंच हसू वाडीत होतं. काकी हंडा सरळ ओतायची नाही. पळसाच्या पानावरून पाणी घसरवायची, म्हणजे माती उघडी पडत नाही. सतरा-अठरा दिवस आम्ही हे केलं. एकही दाढ जळू दिली नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

एका संध्याकाळी काकी दाढीच्या कडेला बसून रोपाचा बुंधा चिमटीत धरून बघत होती. कोवळ्या रोपाचा बुंधा चपटा असतो, हा गोल आणि कडक झाला होता.

"ही नाय थांबायची," ती म्हणाली.

"कोण?"

"ही तुजी नाचणी. हिला घाई हाय. पोटात कणीस धरलान हिनं." मग थोड्या वेळानं, "आमची व्हती ती वाट बघायची. म्हैनाभर दाढीत ऱ्हायली तरी कुरकुर नाय. पाऊस येईल तवा येईल म्हनायची. या वाडीतल्या बायांसारकी." आणि हसली. मला हसू आलं नाही. कारण ती जे बोटांनी सांगत होती ते वहीतही होतं. हळव्या बियाचं आयुष्यच मोजकं, ते दाढीत संपलं की लावणी करून उपयोग नाही. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पाऊस शेवटीच दगा देणार हे मी ठरवून टाकलं होतं, मध्येच दिला तर काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो जुन्या बियाला मात्र माहीत होता. कुणा सासूच्या सासूनं असल्याच एखाद्या वर्षी तग धरलेली कणसं वाशाला टांगली असतील, म्हणून.

श्रावण लागता लागता पाऊस आला. बायका ठोंबे घेऊन डोंगरावर चढल्या. ठोंबा म्हणजे टोकदार काठी. भोक पाडायचं, मूठभर शेणखत, दोन रोपं, वरून अंगठा. दिवसभर वाकून. लावणी नेटकी झाली, आणि गणपतीपर्यंत सगळ्या डोंगराला कणसं आली. गुडघ्याएवढ्या रोपांना, करंगळीएवढी. लांबून बघणाऱ्याला वाटावं पीक निसवलंय. जवळ गेलं की कळायचं, यात काही नाही. मुंबईहून आलेले पुरुष बांधावर उभे राहून बघत होते. काकीच्या नवऱ्यानं एक कणीस हातात चुरडलं, फुंकर मारली, तळहात रिकामा झाला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "सायेब, चाय घेतलात काय?" मला कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे मी तीस वर्षं नोकरी केली. नवं बी दिलं, बांध घातले, डोंगरावर पाणी अडवायचे चर खोदले, काजू लावून दिले. त्यातलं पुष्कळसं टिकलं. पण प्रत्येक सभेत शेवटी माझं एक पालुपद असायचं: नवं पेरा, पण जुनं मूठभर मडक्यात घालून ठेवा. खात्यातले लोक मला पाठीमागे "मडकेसाहेब" म्हणायचे. मला माहीत होतं, आणि मला ते नाव आवडायचं. ते कसं पडलं हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी दसऱ्याला मी वाडीत गेलो ते तोंड लपवतच. म्हणालो, दुसरीकडून कुठून तरी बी आणून देतो. काकी भिंतीला टेकून बसली होती. "दुसऱ्याचं कशाला? आपलं हाय की. शेवंताकडं." त्या वाडीची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर माहेरच्या नाचणीची ओंजळ घालायची. ती तिनं सासरच्या डोंगरावर पेरायची. शेवंतानं पेरली होती, आणि त्या बाजूला माझ्यासारखा कुणी पोचला नव्हता.

"मग आणू की!" मी जवळजवळ ओरडलोच.

 शेजारच्या बाईनं मला बाजूला घेऊन समजावलं. लेकीला मूल होईपर्यंत आईनं लेकीच्या घरचा दाणा तोंडात घालायचा नाही, तिथलं पाणीही प्यायचं नाही, आणि काही मागायचं तर नाहीच. शेवंताच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. काकी सहा वर्षांत तिच्या अंगणापर्यंत दोनदा गेली होती आणि उभ्या उभ्या परत आली होती.

"मी आणतो मागून," मी म्हणालो.

"तू आनलंस म्हनून काय झालं? पदरात मीच घेनार ना?" काकीनं मला उडवून लावलं. वाडीचं पुढचं वर्ष त्या बियावर होतं आणि ते बी ज्या घरात होतं तिथे तिचा हात पोचत नव्हता. मी तिथे बसून सगळ्या रीतीभातींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर लक्षात आलं की नाचणीची ओंजळही रीतीनंच तिकडे गेली होती, माझ्या हातून वाचली होती ती त्यामुळेच.

दिवाळी आटोपली आणि एका पहाटे काकी विळा कमरेला खोचून, फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन निघाली. मी मागे लागलो. तिनं नको म्हटलं नाही. दोन डोंगर चढून उतरून दुपारी आम्ही शेवंताच्या सासरी पोचलो. अंगणात तिची सासू वैरण रचत होती. काकी अंगणाच्या बाहेरच उभी राहिली.

"विहीणबाय, खुडनीला मजूर लागतात काय?"

सासू चमकली. आधी काकीकडे बघितलं, मग विळ्याकडे, मग माझ्याकडे. "असं काय बोलतीस? बी पायजे ना? सगळीकडं कळलंय काय झालं तुमच्याकडं. पायलीभर देतंय, घेऊन जा."

"तसं नको."

 दारात शेवंता उभी होती, हातातली केरसुणी तशीच. मग सासू म्हणाली, "उद्या सकाळी वरच्या डोंगरावर ये. आमच्याकडं मजुरी कणसांत देतात. टोपलीनं."

काकी देवळाच्या पडवीत निजली आणि पऱ्याचं पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी खुडणी सुरू झाली. त्या डोंगरावरची नाचणी मी विसरणार नाही. त्यांच्याकडेही उघडीप तेवढीच पडली होती, पीक काही भरघोस नव्हतं, पण उभं होतं, कमरेएवढं, आणि कणसं मुठीसारखी आत वळलेली, दाण्यांनी जड. मीही खुडायला लागलो. पहिल्या तासात बोट कापून घेतलं. काकी बाकीच्या चार बायकांच्या ओळीत, मान खाली घालून. मालकीण म्हणून शेवंता वावरावर होती. ती कुणाला हाक मारायची, कुणाला पाटी द्यायची, आणि आईशी एक शब्द बोलायची नाही. बोलणार तरी काय म्हणून?

संध्याकाळी मजुरी. प्रत्येकीच्या फडक्यात एक टोपली कणसं. आईची पाळी आली तेव्हा शेवंतानं टोपली दाबून भरली आणि वर रास केली. काकीनं हातानं वरची रास सारून खाली पाडली. "बाकीच्या बायांना दिलंस तेवढंच." शेवंतानं खाली पडलेली कणसं एकेक करून उचलली. माझी खुडणी मुलासारखी, म्हणून मला अर्धी टोपली मिळाली. ती मी काकीच्या फडक्यात ओतली. मला वाटलं नको म्हणेल. तिनं ओतू दिली. म्हणाली, "तू खाल्लेलंस तेवढं भरायला अजून तीन दिवस लागतील."

तीन दिवस मी खुडलं.

दुपारची भाकरी ही मजुरीतच धरलेली. शेवंता डोक्यावर टोपली घेऊन यायची, ऐनाच्या झाडाच्या सावलीत मजूर ओळीनं बसायचे आणि ती वाढत जायची. काकी ओळीत बसायची नाही. दहा हात लांब, पाठ करून, आपलं फडकं सोडून तांदळाची शिळी भाकरी चटणीशी खायची. पहिल्या दिवशी तसंच, दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी भाकरीला बुरशी आली होती. तिनं ती झाडून खाल्ली. चौथ्या दिवशी फडकं रिकामं होतं. मी बघत होतो. मला वाटलं आज उपाशी राहील, तिला तेही जमण्यासारखं होतं.

ती आली आणि ओळीत माझ्या शेजारी बसली.

शेवंता वाढत वाढत आली. आईसमोर आली आणि थांबली. टोपलीत हात घातलेला, बाहेर काढेना.

"मजुरीची भाकर हाय ना?" काकीनं विचारलं. आवाज अगदी परक्या बाईशी बोलावं तसा.

"व्हय," शेवंता म्हणाली. "मजुरीचीच."

काकीनं दोन्ही हात पुढे केले. भाकरी नाचणीची होती, त्याच नाचणीची. तिनं पहिला घास मोडला आणि खूप वेळ चावला. शेवंतानं मला वाढलं, पुढच्या बाईला वाढलं, पिठी एका ठिकाणी सांडली. ओळीच्या टोकाला जाऊन ती परत फिरली आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारायला आईपाशी आली.

"अजून वाढू, आये?"

"वाढ गो बाय," काकी म्हणाली.

पुढच्या मृगावर वरच्या वाडीतल्या प्रत्येक दाढीत ते बी पडलं. शेजारच्या वाड्यांना त्याच्या पुढच्या वर्षी मिळालं. आज त्या डोंगरांवर नाचणी करणारी घरं थोडी उरलीत, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तीच आहे, आणि आता माझ्या अंगणात ऊन कडक पडलंय तेव्हा ती तिकडे कुठल्यातरी दाढीत थांबून असेल. काकीच्या चुलीवरचा वासा पुन्हा कणसांनी भरला होता. बी मागायला कुणाच्या दारी जायची तिला काही गरज उरली नव्हती.

शेवंताला मूल झालं नाही. पण माझी बदली होईपर्यंतची सगळी वर्षं मी पाहिलं. दिवाळी आटोपली की काकी विळा कमरेला खोचायची, कुणी विचारलं तर "मजुरीला चालली" म्हणायची आणि दोन डोंगर ओलांडून चार दिवस लेकीच्या वावरात खुडणी करून यायची. फक्त पहिल्या वर्षासारखं भाकरीचं फडकं तिनं पुन्हा कधी बरोबर नेलं नाही.